बेरजेचा रकाना : केडगावच्या रोजनिशीतील पाने

१२ जून

पुण्याला रुग्ण पाठवताना सोबत जी छापील चिठ्ठी जाते ती संपत आली. नवी छापण्याआधी जुनीच्या कार्बन प्रती काढून बसलो. 'शुद्धीची पातळी' या रकान्यापुढे बोटभर जागा आहे. त्या जागेत काय काय लिहिलंय! 'सेमी-कॉन्शस'. 'ड्राउझी'. 'गुंगीत'. 'जीसीएस ९'. 'जीसीएस पुअर'. एकीवर नुसतंच 'सीरियस'. यातली निम्मी अक्षरं माझीच आहेत. (जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देणारी शुद्धीची मोजपट्टी.)

आमचं ठिकाण अडनिड. पुणे-सोलापूर रस्ता चौफुल्यावरून जातो, तिथेच शिरूर-न्हावऱ्याकडून आलेला रस्ता त्याला छेदून सुप्याकडे, पुढे बारामतीला जातो. ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, एसटी, दुचाकीवर तिघं. बाकी जगाला केडगाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे ठाऊक. आमच्या दारात मात्र जे येतं ते रस्त्यावरून, उसातून आणि गुऱ्हाळांवरून येतं. ससून इथून पन्नास-साठ किलोमीटर. हडपसरला गाड्या तुंबल्या की ते अंतर दुप्पट वाटतं. म्हणजे माझा रुग्ण पुण्यातल्या डॉक्टरच्या हातात पडेपर्यंत तास-दीड तास जातो, आणि आधी तो कसा होता हे सांगायला तिथे फक्त तो कागद असतो.

दुपारी नानगावकडून एक आजी आल्या, ताप आणि बडबड. शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "आज तारीख काय, आजी?" आजी गप्प. त्याने कागदावर लिहिलं: गोंधळलेली, बोलण्याचे चार गुण. मी विचारलं, "वटपौर्णिमा कधी झाली?" आजी म्हणाल्या, "परवाच न्हाई का. तुमच्या बायकूनं फेऱ्या मारल्या न्हाईत वाटतं." पाच गुण. तारीख त्यांना तरुणपणीही सांगता आली नसती. बडबड तापाची होती, भान जागेवर होतं.

१४ जून

संध्याकाळी चौफुल्यावर दुचाकी घसरली. पंचविशीचा मुलगा, हेल्मेट नाही. सव्वासातला आला तेव्हा स्वतःच्या पायांनी आत आला, नाव-गाव सांगितलं, गाडीची चौकशी केली. डोळे चार, बोलणं पाच, हालचाल सहा. पूर्ण पंधरा. सोबतचे मित्र निघायच्या घाईत, "टाके घाला, जातो." मी थांबवून ठेवला. पावणेआठला उलटी. आठला डोळे मिटून पडलेला, हाक मारली की उघडतो, आणि विचारलं तर म्हणतो यात्रेला आलोय. डोळे तीन, बोलणं चार, हालचाल सहा. तेरा.

पुस्तकातल्या वर्गवारीत तेरा ते पंधरा म्हणजे डोक्याला 'सौम्य' मार. नऊ ते बारा मध्यम, आठ आणि खाली गंभीर. तो मुलगा पाऊण तासात पंधरावरून तेरावर उतरला आणि कागदाच्या हिशेबाने तो सौम्यच होता. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असेल तर असंच होतं: मधला काही वेळ माणूस चांगला बोलतो आणि मग झपाट्याने खाली जातो. अशा रुग्णाच्या आकड्यापेक्षा तो किती वेळात किती घसरला याला महत्त्व. दोन गुणांची घसरण दिसली की सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन असेल तिथे पाठवायचं, पुढच्या आकड्याची वाट बघायची नाही.

१०८ ची रुग्णवाहिका आली, मी तिन्ही वेळा आणि तिन्ही वेळचे तिन्ही आकडे चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिले, कारण पुढे जागा नव्हती.

१५ जून

मुलाचं रात्रीच ऑपरेशन झालं, बरा आहे. भाच्याचा फोन आला. तो पुण्यात अतिदक्षता विभागात असतो, भूलतज्ज्ञ. त्याला कालचं सांगितलं, चिठ्ठीचंही सांगितलं.

"मामा, तुमची मोजपट्टी १९७४ची आहे."

"मग काय झालं? थर्मामीटर त्याहून जुना आहे."

पण त्याचं म्हणणं टाकाऊ नाही, म्हणून इथे नीट उतरवून ठेवतो.

ग्लासगोच्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली 'लान्सेट'मध्ये हा तक्ता मांडला. त्याआधी ज्याला जो शब्द सुचेल तो लिहिला जायचा, अगदी आमच्या कार्बन प्रतींसारखा, आणि एकाचा 'स्तब्ध' दुसऱ्याला 'अर्धवट शुद्धीवर' वाटायचा. या दोघांनी सांगितलं की निदान करू नका, दिसेल ते लिहा. डोळे कशाने उघडतात, तोंडातून काय येतं, हातपाय काय करतात. नवशिक्या डॉक्टरला आणि नर्सला एकच उत्तर मिळालं पाहिजे, ही त्यांची कसोटी. सुरुवातीला हालचालीच्या पाचच पायऱ्या होत्या, सहावी थोड्या काळाने आली. आणि मूळ तक्त्यात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रेघांवर, वेळेनुसार, ठिपके देऊन मांडायच्या होत्या. बेरीज नंतर आली, संशोधनाच्या सोयीसाठी, आणि तीच डोक्यावर बसली.

चार गुणिले पाच गुणिले सहा, म्हणजे एकशेवीस प्रकारची माणसं आपण तीन ते पंधरा या तेरा आकड्यांत कोंबतो. २००३ साली अमेरिकेत जखमी रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवरून एक हिशेब झाला. एकूण चार गुण तीन प्रकारे होतात. हालचालीचे दोन आणि बाकी एकेक असेल तर मृत्यू ४८ टक्के, बोलण्याचे दोन असतील तर २७, डोळ्यांचे दोन असतील तर १९. आकडा एकच, आणि जगण्या-मरण्याचा फरक एवढा.

भाच्याचा आग्रह 'फोर' मोजपट्टीचा. मेयो क्लिनिकच्या विडिक्स यांनी २००५ साली काढली. डोळे, हालचाल, मेंदूच्या देठाच्या प्रतिक्रिया आणि श्वास, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण सोळा. बोलणं त्यात नाहीच. त्याच्या विभागातले निम्मे रुग्ण घशात नळी घेऊन पडलेले असतात. ते बोलणार कसे? ग्लासगोत त्यांच्या बोलण्यापुढे एक तरी लिहायचा किंवा 'टी' तरी. दोन्ही म्हणजे तपासलं नाही असंच. फोरमध्ये त्याऐवजी बाहुल्या आणि बुबुळाची प्रतिक्रिया बघतात, खोकला येतो का ते बघतात, श्वास आपोआप चालतो की यंत्राच्या मागे मागे चालतो ते बघतात. ग्लासगोच्या तीनवर सगळे एका ओळीत आडवे असतात, प्रेतालाही तीनच गुण मिळतात. फोर त्या ओळीतल्या माणसांना एकमेकांपासून वेगळं करते.

"बरं," मी म्हटलं, "आणि माझ्या रात्रपाळीच्या सिस्टरला कॉर्नियल रिफ्लेक्स कोण शिकवणार?"

"तुम्ही."

उलट उत्तर द्यायची सवय आमच्या ताईचीच.

१९ जून

दुपारी ओपीडी उरकल्यावर सिस्टर, वॉर्डबॉय आणि १०८ वर असणारे दोन डॉक्टर अशी शाळा भरवली. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ मध्येच व्हेंटिलेटरसकट सगळी सामग्री. गाडीवर डॉक्टर असतो हे आपल्याकडचं वैशिष्ट्य, आणि बहुतेक जण आयुर्वेदाचे पदवीधर. रुग्णासोबतचा तो तास-दीड तास त्यांचाच असतो, म्हणून तक्ता त्यांना पाठ असणं माझ्यापेक्षा गरजेचं.

आधी वेदना कशी द्यायची यावर बराच वेळ गेला. नखावर पेनाचा दाब, मानेखालचा खांद्याचा स्नायू चिमटीत पिळणं, भुवईखालच्या खाचेत अंगठा दाबणं, एवढंच मान्य. छातीच्या हाडावर मुठीने रगडणं बंद. रगडून रगडून काळंनिळं केलेलं पाहिलंय, आणि तेही प्रत्येक हलवाहलवीत नव्याने. तोंडावर पाणी मारणं, गाल बडवणं बंद. फिट आली की नातेवाईक चप्पल किंवा कांदा हुंगवतात. केडगावच्या बाजारात कांद्याला तोटा नाही, पण फिट तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय कांदा घेऊन जातो.

मग हालचाल. यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. चिमटा काढल्यावर हात त्या जागेपर्यंत पोचला, चिमटा काढणारा हात ढकलायला बघितलं, तर पाच. नुसताच मागे ओढला तर चार. कोपरात वळून मूठ छातीशी आवळली तर तीन, हात ताठ होऊन आत पिळला तर दोन. तीन आणि चारमधला फरक आमच्यात चौघांनी चार तऱ्हेने सांगितला. मी एकेकाला खाटेवर आडवं करून नाटक करायला लावलं. वॉर्डबॉयने 'दोन' इतकं हुबेहूब केलं की बाहेरून आत डोकावलेल्या बाई घाबरून परत गेल्या. अमेरिकेत काहींनी यावर उपाय म्हणून सगळं टाकून फक्त हालचाल ठेवली: सांगितलेलं ऐकतो दोन, दुखऱ्या जागेकडे हात नेतो एक, त्याखाली सगळं शून्य. जखमींच्या बाबतीत ते जवळपास तेवढंच सांगतं. घाईच्या जागी मला ते पटतं.

फोरमधली हालचालीची आज्ञा आजोबांवर करून पाहिली. त्यात अंगठा, मूठ किंवा दोन बोटं दाखवायला सांगतात. बेड चारवरच्या आजोबांना म्हटलं, "बाबा, अंगठा दाखवा." त्यांनी उशाखाली चष्मा शोधला आणि विचारलं, "कुठल्या कागदावर?" पूर्ण गुण, शिवाय एक जादा.

भाषेचंही निघालं. रस्त्यावरचा ड्रायव्हर तमिळ असतो, गुऱ्हाळावरचा भट्टीवाला उत्तर प्रदेशातला. त्याला मराठीत वार विचारून 'गोंधळलेला' लिहिणं हा आपला गोंधळ. क्लीनरला, मुकादमाला, कोणी नसेल तर फोनवर घरच्यांना धरा आणि त्याच्या भाषेत विचारा. तेही जमलं नाही तर आकडा न घालता 'भाषा कळत नाही' असं लिहा. सूज येऊन डोळे मिटलेत, घशात नळी आहे, कान ऐकत नाहीत, हाताला प्लॅस्टर आहे: या सगळ्याला 'तपासता येत नाही' असंच लिहायचं, एक लिहायचा नाही. टीझडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली चाळीस वर्षांनंतरच्या सुधारित सूचनांत हेच सांगितलंय. बोलायला न शिकलेल्या लेकरांसाठी बोलण्याची पायरी वेगळी आहे: हसतं का, नजर फिरवतं का, आईने घेतल्यावर रडं थांबतं का. ती भिंतीवर स्वतंत्र लावली.

२४ जून

तुकोबांची पालखी यवतहून निघून वरवंडकडे. चौफुल्याच्या अलीकडे मंडप टाकून बसलो होतो. पायाचे फोड, जुलाब, उन्हाचा तडाखा, गुडघे.

अशा गर्दीत ग्लासगो काढत बसलात तर दिंडी पुढे निघून जाईल. स्वयंसेवक पोरांना चार पायऱ्या शिकवल्या होत्या: जागा आहे, हाकेला जागतो, दुखवलं तर हलतो, कशालाच नाही. इंग्रजीत ज्याला एव्हीपीयू म्हणतात तेच. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली आपल्या तक्त्यात यात पाचवी पायरी घातली, नव्यानेच आलेला गोंधळ. जागा आहे पण असंबद्ध बोलतोय, हे त्यांनी थेट धोक्याच्या गुणांत बसवलं, हाकेला जागणाऱ्याच्याच बरोबरीने. हे शहाणपणाचं आहे, कारण गर्दीत नेमका तोच माणूस 'दमलाय' म्हणून सोडून दिला जातो.

दुपारी तसंच झालं. परभणीकडचे एक माळकरी, सत्तरीचे, सोबतच्यांवर विनाकारण चिडत होते, चुकीच्या दिंडीत शिरत होते. कोणी म्हणालं उन्हाने डोकं फिरलं, कोणी हलक्या आवाजात म्हणालं घेतली असेल. मंडपातल्या पोराने पाचवी पायरी ओळखून आणलं. साखर ३८. मधुमेहाची गोळी घेतलेली, पोटात सकाळपासून चहा. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर पाचेक मिनिटांत त्यांनी आपल्या दिंडीचा नंबर सांगितला आणि पिशवी कोणाकडे आहे ते विचारलं.

शुद्धीची कोणतीही मोजपट्टी खोली सांगते, कारण सांगत नाही. आकडा लिहिण्याआधी बोटाला सुई. हा नियम भिंतीवर सगळ्यात वर लिहायचा ठरवलं. दारूचा वास येणाऱ्यालाही तोच नियम लागू, उलट जास्त: वास आला की पुढचं तपासायचं राहून जातं आणि डोक्यातलं रक्त वाढत राहतं.

२९ जून

पहाटे साडेपाचला दार वाजलं. भीमेच्या काठच्या वस्तीवरचा पंधरा वर्षांचा मुलगा. पत्र्याच्या घरात भुईवर झोपलेला. रात्री तीनला पोटात कळ आणि उलटी, घरच्यांना वाटलं जेवण बाधलं. साडेचारला घसा दुखतो म्हणाला, मग पापण्या जड. "गुंगीत गेलाय डॉक्टर, डोळंच उघडत न्हाई."

चावल्याची खूण कुठे दिसेना. दिसतही नाही बऱ्याचदा. पावसाळा, भुईवर झोप, पहाटेची पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या म्हणजे मण्यार, दुसरं सिद्ध होईपर्यंत. तिचं विष मज्जातंतूंची स्नायूंशी असलेली गाठ सोडवतं. पापण्या आधी जातात, मग गिळणं, मग बोलणं, मग हातपाय, शेवटी श्वास. मेंदूला ते हात लावत नाही.

ग्लासगोच्या तक्त्यावर त्याला मांडू. डोळे उघडत नाहीत: एक. आवाज नाही: एक. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव." हलला. थोडासा, पण सांगितल्यावर हलला आणि थांब म्हटल्यावर थांबला. सहा. बेरीज आठ. आठ आणि त्याखाली म्हणजे कोमा, असं जगभर शिकवतात. तो पोरगा तुमच्या-माझ्याइतका जागा होता.

इथे भाच्याची फोर अर्धी बाजी मारते. तिच्या सूचनेतच आहे की पापण्या मिटलेल्या असतील तर बोटांनी उघडा आणि नजर बोटामागे फिरते का बघा, आडवी नाही फिरली तर उभी बघा. मी तसं केलं. थोडी फिरली. पण मण्यार पुढे गेली की बुबुळंही खिळतात, बाहुल्या ताणून स्थिर होतात, खोकला जातो, श्वास यंत्रावर येतो. मग फोरही शून्याकडे जाते आणि रुग्ण मेंदूमृत भासतो. असे रुग्ण पूर्ण बरे झाल्याची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टर आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते, आणि त्याही आधी विष, औषध, थंडी ही कारणं वगळावी लागतात. भुईवर झोपणाऱ्या मुलुखात त्या वगळण्यात साप पहिला हवा.

प्रतिविषाच्या दहा कुप्या लावल्या, श्वास उथळ व्हायला लागला तशी नळी घातली, व्हेंटिलेटरवाली गाडी मिळेपर्यंत सिस्टरने अँबू बॅग दाबली. चिठ्ठीवर लिहिलं: 'मण्यारदंश. डोळे आणि बोलणं तपासता येत नाही. ६ वाजून १० मिनिटांनी सांगितल्यावर पायाचा अंगठा हलवला. पूर्ण शुद्धीवर आहे. ऐकू येतं. कृपया झोपेचं औषध द्या आणि त्याच्याशी बोला.'

सर्पदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आणि आपल्याच जिल्ह्यात नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी आयुष्य घातलं. दोघांनीही हे काम मोठ्या शहरात बसून केलेलं नाही.

२ जुलै

वरवंडच्या बाजूचा शेतकरी, फवारणीचं औषध प्यालेला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस. २०१८ साली टीझडेल आणि मंडळींनी ग्लासगोतून प्रकाशाला न आकुंचणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करायची सूचना केली, म्हणजे मोजपट्टी एकपर्यंत खाली जाते. डोक्याच्या माराला ती उत्तम. इथे मात्र विषाने बाहुल्या आधीच घट्ट मिटलेल्या, आणि ॲट्रोपिन दिलं की त्या आमच्याच औषधाने मोठ्या होतात. जास्त झालं तर रुग्ण हवेतले धागे वेचायला लागतो, तेव्हा बोलण्याचे चार गुण विषाचे की ॲट्रोपिनचे? श्रीलंकेत पेरादेनियाला अशा विषबाधेसाठी निराळी मोजपट्टी केली आहे. बाहुल्या, श्वास, नाडी, स्नायूंची फडफड, शुद्ध आणि झटके. ऊस-कांद्याच्या पट्ट्यात ती ग्लासगोहून कामाची. छापून लावली.

५ जुलै

उद्या आषाढी. ओपीडी रिकामी. मोठ्या सिस्टरांनी तक्त्याकडे बघत विचारलं, "डॉक्टर, शानबाग सिस्टरना किती गुण पडले असते?"

अरुणा शानबाग. परळच्या केईएमची नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच आवारात त्यांच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला. ग्लासगोचा तक्ता छापून आला तो पुढच्याच वर्षी. तो तयार होऊन, जुना होऊन, सुधारून घेतला जाईपर्यंत त्या केईएमच्या वॉर्डात होत्या. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या.

गुण पडले असते, पण ते सांगणार काय? डोळे उघडे, तिथे चार. उघड्या डोळ्यांमागे कोणी आहे का, हे ग्लासगो विचारतच नाही. ती पहिल्या तासांची आणि दिवसांची मोजपट्टी. वर्षानुवर्षांच्या अवस्थेसाठी दुसरी लागते. २००४ साली सुधारून आलेली कोमातून सावरण्याची तेवीस गुणांची मोजपट्टी आहे. तीत आरसा फिरवून नजर मागे येते का बघतात, रोजच्या वापरातली वस्तू हातात देऊन बघतात, आणि एकदा बघून थांबत नाहीत. २००९ साली बेल्जियममधल्या अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने 'भान नाही' ठरवलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांत या मोजपट्टीने भानाच्या खुणा सापडल्या. २०२४ साली मोठ्या बहुदेशीय अभ्यासात आज्ञेला कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या चारांपैकी एकाच्या मेंदूत, यंत्रावर, ती आज्ञा पाळल्याची हालचाल दिसली.

लेखिका पिंकी विराणी यांनी शानबाग यांच्या दयामरणासाठी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांना तपासायला सांगितलं. त्यांचं मत, दीर्घकालीन अचेतन अवस्थेच्या बहुतेक कसोट्या लागू पडतात. केईएमच्या नर्सेस मात्र सांगत राहिल्या की मासळी आवडते ते कळतं, स्पर्श कळतो. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली आणि केईएमच्या लोकांचं म्हणणं वजनदार मानलं. तीन डॉक्टरांची तपासणी चूक होती असं मी म्हणणार नाही. पण तक्ता भरणारा माणूस रोजचा असावा, हे मी या खटल्यातून घेतलं. सिस्टरांना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या नोंदीवर सही मोठ्या डॉक्टरांची कशाला?" बरोबर आहे. नव्या चिठ्ठीत नोंद करणाऱ्याचं नाव आणि सही.

९ जुलै

मण्यारचा पोरगा पुण्याहून सुटून आला. आवाज अजून बसलेला. त्याला विचारलं गाडीतलं काय आठवतं. म्हणाला, सगळं. ड्रायव्हर कुठे थांबला, मामा कोणाला फोन करत होता, आणि लोणीच्या पुढे कोणीतरी म्हणालं की ह्यात काय राहिलं नाही. कोण म्हणालं तेही त्याला माहीत आहे, पण सांगायला तयार नाही. पुण्यातल्या नर्सने चिठ्ठी वाचून रोज नावाने हाक मारली, पंखा लावू का विचारलं, हेही त्याने सांगितलं.

भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, फोरनेच पापण्या उघडायला सांगितलं होतं." मी म्हटलं, "आणि पायाचा अंगठा ग्लासगोने विचारला होता." फोन ठेवताना तो एक कबूल करून गेला: रुग्णाचं पुढे काय होणार, याचा अंदाज बांधण्यात दोघींची तुलना झाली त्या अभ्यासांत कोणी फार मागे पडलेली नाही.

११ जुलै

चिठ्ठी छापून आली. माझा निकाल असा. वस्तीवर, दिंडीत आणि गाडीत पहिल्या मिनिटाला पाच पायऱ्यांचा एव्हीपीयू. दवाखान्यात आणि वाटेत दर पंधरा मिनिटांनी ग्लासगो, तीन आकडे वेगवेगळे, सोबत बाहुल्या. फोर ही नळी घातलेल्यांसाठी, अतिदक्षता विभागाची, तिथे ती ग्लासगोपेक्षा सरस. आमच्याकडे तिच्यातून फक्त पापण्या उघडून बघण्याची सवय घेतली. सगळ्यांत वर साखरेचा आकडा. बेरजेचा रकाना ठेवलेला नाही, छापखान्यातल्या माणसाने दोनदा फोन करून विचारलं तरीही.

दौंड, शिरूर, बारामतीकडच्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि १०८ वरच्या डॉक्टरांना एवढंच सांगणं आहे: पुण्याला रुग्ण पाठवताना 'जीसीएस ९' लिहू नका. डोळे किती, बोलणं किती, हालचाल किती, किती वाजता, आणि काय तपासता आलं नाही, हे लिहा. नमुना हवा असेल त्याने चौफुल्याच्या दवाखान्यातून न्यावा, गठ्ठा टेबलावर ठेवला आहे.